चिंचेखालचा ट्रॅक्टर घरीच चालता करताना

खानापूर-बेळगाव पट्ट्यात गावोगावी गोठ्याच्या कडेला एखादा तरी जुना ट्रॅक्टर उभा दिसतो. मॅसी १०३५, महिंद्राचा बी-२७५, कुठं दोन सिलिंडरचा एचएमटी. आज्जानं घेतलेला, आप्पांनी झिजवलेला, आणि नवीन गाडी दारात आल्यावर झाडाखाली नेऊन लावलेला. सीटवर कोंबड्या अंडी घालतात, भंगारवाला वर्षातनं दोनदा भाव विचारून जातो. आमचा मॅसी असाच सात पावसाळे चिंचेखाली होता. गेल्या उन्हाळ्यात घरच्यांनी मिळून तो चालता केला. मी मेकॅनिक नाही. हे लिहितोय ते माझ्यासारख्याच, पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सुटतो एवढंच ठाऊक असणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात घ्या. असा ट्रॅक्टर बहुतेक वेळा कामानं बिघडलेला नसतो. झाडाखाली तो स्वतःच्या पायानं चालत आलेला असतो की! त्यानंतर त्याला काय झालं असेल तर पाऊस झाला. म्हणून पहिल्याच दिवशी इंजिन खोलायला धावू नका. पाणी कुठंकुठं शिरलंय ते शोधत जायचं. निम्मं काम तिथंच होतं.

कागद

पाना हातात घ्यायच्या आधी आरसी बुक शोधा. चॅसी नंबरची पट्टी वायरब्रशनं घासा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी चोळा, नंबर उमटतो. इंजिन नंबरचाही तसाच छाप घ्या. दोन्ही नंबर बुकाशी जुळले तरच पुढं जा. जुळत नसतील तर त्याचा उलगडा होईपर्यंत रुपया घालू नका.

आमच्या सीमाभागात एक जादा घोळ असतो. निपाणी-चिक्कोडीकडं कितीतरी ट्रॅक्टर कोल्हापूरकडून आलेले असतात. गाडी वापरात केए-२३ च्या हद्दीत आणि पाटी एमएच-०९ ची. अशी गाडी नावावर करायची तर मूळ आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्याला फॉर्म २५. ट्रॉलीचं बुक वेगळं असतं, ते विसरू नका. तपासणीला गाडी चालती लागते, म्हणून आम्ही कागद आधी बघून ठेवले आणि अर्ज शेवटी केला.

वेळ आणि माणसं

सुगी आटोपली, भात घरात आलं की सुरू करा. हाताशी डिसेंबर ते मे एवढे महिने असतात. धूळवाफ पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर अर्धा उघडा पडलेला असला की घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

जागा सपाट हवी, वर पत्रा हवा, खाली शक्यतो कोबा. चारी चाकांना उट्या लावा. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कुणीही जायचं नाही. जॅक फक्त उचलायला असतो, पेलायला खाली लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे द्यायचे. विटा देऊ नका, वीट न सांगता फुटते. आणि चिंचेच्या फांदीला चेन लावून इंजिन उचलायची कल्पना कुणा ना कुणाला सुचतेच. ती तिथंच मोडून काढा.

हत्यारं फार लागत नाहीत. रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), ग्रीस गन, वायरब्रश, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, लाकडी हातोडा. या जुन्या गाड्यांना बरेच नट इंचाच्या मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावलात तर नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानं आवळायचा) विकत घेऊ नका, दोन दिवसांसाठी मागून आणा.

माणसांची वाटणी आमच्याकडं आपोआप झाली. आप्पांना गाडीचा स्वभाव माहीत, म्हणून ते खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. धाकट्या भावाकडं जोर. वैनीकडं खर्चाची वही, आणि ती नसती तर आमचा निम्मा पैसा ‘किरकोळ’ या नावाखाली गेला असता. थोरल्या पोरीकडं मोबाईल. काहीही सोडायच्या आधी तिनं तीन फोटो काढायचे, लांबून, जवळून आणि बाजूनं.

“बाबा, ह्या वायरीचा पण काढू काय?”

“काढ की. वायरीचा तर आधी काढ.”

सुटलेले नट-बोल्ट लोण्याच्या रिकाम्या डब्यांत घालायचे आणि डब्यावर चिकटपट्टी लावून ‘रेडिएटर, खालची बाजू’ असं लिहायचं. नुसतं ‘रेडिएटर’ लिहून भागत नाही, हे आम्हाला जोडताना कळलं.

पाणी कुठं शिरलं?

पहिली जागा सायलेन्सर. मॅसीचा सायलेन्सर वर आभाळाकडं तोंड करून असतो. वर डबा उपडा घातलेला नसेल तर पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं, आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिला असेल त्यात जाऊन बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. असं इंजिन फिरवलं की पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि त्याला खालून ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. आमचा चुलतभाऊ उत्साहाच्या भरात आपला नवा ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, आमचा गिअरमध्ये टाकला आणि ओढला. पाच-सहा फूट गेला असेल. ‘ठक्क’ असा एकच आवाज झाला आणि मागची चाकं घासत आली. आप्पा खुर्चीतनं उठले, काही न बोलता घरात गेले. मधल्या सिलिंडरचा रॉड वाकला होता. जे इंजिन कदाचित न खोलता सुरू झालं असतं, ते आम्ही स्वतःच्या हातानं खोलायला लावलं. तर वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर ओढून सुरू करू नका. कुणी कितीही अनुभवी असो.

बरोबर रीत अशी. इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा. त्याखालच्या तांब्याच्या वायसर जपून काढा, बसवताना मात्र नव्याच घाला. डिझेल पाइपांच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिक बांधा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून थोडं ओता आणि चार दिवस विसरून जा. नंतर पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हातानंच किंचित पुढं, किंचित मागं करा. जोर नको, सवय लावल्यासारखं. आमच्या मदतीला शेजारच्या गावचे एक कानडी मेकॅनिक यायचे, ते अशा वेळी एकच शब्द म्हणायचे, ‘निधान, निधान’. सावकाश. पाना जरा अडकला की भाऊ पायानं दाबायला जायचा आणि ते त्याचा पाय धरायचे. पूर्ण दोन फेरे हातानं झाले की इंजेक्टरच्या भोकावर फडकं धरून सेल्फ मारा. आत जे पाणी-तेल असेल ते पिचकारीसारखं उडतं, तेव्हा वर वाकून बघू नका.

दुसरी जागा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाला ऑइल साठतं ते भांडं. खालचा बोल्ट सोडून ऑइल काढा आणि बघा. काळं असेल तर ठीक. ताकासारखं पांढरट असेल तर पाणी मिसळलंय. बोटांत चोळून बघा, कचकच लागली किंवा चमचम दिसली तर बेअरिंगचा विचार करावा लागेल.

तिसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गिअर लिव्हरच्या बुडाचं रबर. ते फाटलेलं असतं आणि पाणी थेट गिअरबॉक्समध्ये उतरतं. मॅसीत गिअर आणि हायड्रॉलिक यांचं ऑइल एकच असतं, त्यामुळं एका फाटक्या रबरापायी दोन्हींचं नुकसान होतं. खालचा प्लग अगदी सावकाश सोडा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी असतं आणि आधी तेच येतं. आमच्यातनं आधी जवळजवळ तांब्याभर लालसर पाणी आलं, मग तेल. डिझेल घालून एकदा हलक्या हातानं खंगाळून काढलं, ते पूर्ण निथळू दिलं आणि मगच नवीन ऑइल भरलं. रबर फारच स्वस्त असतं, पहिल्याच फेरीत घेऊन या.

चौथी जागा डिझेल टाकी. ती उतरवून रिकामी करा, आत मूठभर स्वच्छ खडी आणि थोडं डिझेल घालून दोघांनी धरून हलवा. गंज आणि शेवाळासारखा चिकटा निघतो. खडी मोजून घाला आणि मोजूनच बाहेर काढा. टाकीला भोक असेल तर ती धुऊन, उकळत्या पाण्यानं वाफाळून, ज्याला टाक्यांचा सराव आहे त्याच्याकडंच द्या. रिकामी दिसणारी टाकी वेल्डिंगला लावली आणि फुटली, असं होऊ शकतं, कारण आत डिझेलची वाफ उरलेली असते.

रेडिएटरचं उलटं आहे, तिथं पाणी हवंच असतं, पण बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की आत क्षार धरतो. आम्ही रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडून तो आतनं साफ करून घेतला आणि नंतर कूलंट घातलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाका असा सल्ला सगळे देतात. ऐकू नका. थंड राहिलेलं इंजिनही झिजतंच.

डिझेल आणि हवा

डिझेल फिल्टर दोन्ही नवे घाला. एअर क्लीनर बहुधा तेलाच्या वाटीचा असतो. वाटी धुवा, खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

फ्युएल पंप मात्र घरी खोलू नका. त्याचं माप टेस्ट बेंचवरच लागतं. पंप आणि नोझल (इंजेक्टरची टोकं) सरळ पंपवाल्याकडं द्या. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथवाल्यांची कमी नाही, तिकडं चौकशी केली की पंपवाल्याचा पत्ता मिळतो. पंप काढताना गिअरवरच्या खुणांचा फोटो घ्या. खूण नसेल तर कानशीनं बारीक खूण करून ठेवा, नाहीतर बसवताना टायमिंग चुकतं.

बसवून झालं की हवा काढायची. नवखा माणूस अडकतो तो इथंच. ट्रॅक्टर सुरू होत नाही, बॅटरी उतरते, आणि दोष मात्र पंपाला. टाकी निम्मी तरी भरा. आधी फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा खटका हातानं मारत राहा. फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. शेवटी इंजेक्टरकडचे पाइपांचे नट अर्धा वेढा सैल करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकायला लागलं की एकेक आवळा. आमची पोरगी बुडबुडे मोजायला बसली होती. ‘आता संपले’ ती म्हणाली आणि खरंच पुढच्या दोन सेल्फला इंजिननं पहिला खोकला दिला.

एक सावधगिरी. सुटलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. ती धार बारीक असते, पण कातडीतनं आत घुसते. बाहेरनं टाचणी टोचल्यासारखं दिसतं, म्हणून लोक घरी बसतात. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा.

पहिला सेल्फ

बॅटरी लावताना बॉडीला जोडायची अर्थची वायर कुठल्या टोकाला आहे ते आधी बघा. काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. उलटी लावली तर डायनामोचं काम निघतं. इथंही पोरीचा फोटोच कामाला आला.

ट्रॅक्टर पत्र्याखालनं बाहेर उघड्यावर घ्या, गिअर न्यूट्रल, पोरंबाळं लांब. बंद करायची दोरी किंवा खटका पंपापर्यंत खरोखर ओढला जातोय ना, ते हातानं बघा, कारण वर्षानुवर्षं न हललेली दोरी गंजून धरलेली असते. जवळ वाळूची बादली आणि एक सपाट फळी ठेवा. फळी कशाला? डिझेल इंजिन कधी कधी बेफाम पळतं आणि खटका ओढूनही थांबत नाही. तेव्हा हवेच्या पाइपाचं तोंड फळीनं दाबलं की ते मरतं. हातानं दाबायला जाऊ नका.

बंदची दोरी ओढून धरा आणि आधी नुसता सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग दोरी सोडून सुरू करा. सुरुवातीचा पांढरा धूर चालतो, तापल्यावर तो गेला पाहिजे. जात नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडं बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

इंजिन खोलावंच लागलं तर

आमच्या वाकलेल्या रॉडमुळं आम्हाला हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाची अर्धी खोलाई, करावं लागलं, म्हणून थोडक्यात. हेड उतरवलं की फेसिंग (त्याची खालची सपाट बाजू) तपासून घ्या, व्हॉल्व्ह बसवून घ्या. लायनर-पिस्टनचा कीट घ्यायचा असेल तर तुमच्या इंजिनाचा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पाण्यातला आहे की कोरडा, ते आधी कळलं पाहिजे. दुकानदाराला मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, जुना पार्ट फडक्यात गुंडाळून सोबत न्या. मला एका दुकानात ‘हाच लागतो’ म्हणून दिलेलं गॅस्केट दोन भोकांनी चुकीचं निघालं, आणि मी जुनं घरी ठेवून गेलो होतो. क्रँक घासावा लागला तर तो १०, २० किंवा ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा घासतात आणि बेअरिंग त्याच मापाचं घ्यावं लागतं. हे सगळं बेळगावातच होतं. दुर्मीळ पार्टसाठी आम्ही एकदा कोल्हापूरच्या उद्यमनगरला गेलो, हायवेनं सव्वाशे किलोमीटरच्या आत.

हेडचे नट मधून बाहेर, गोल-गोल, तीन टप्प्यांत आवळायचे. इंजिन एकदा तापून निवलं की परत बघायचे आणि त्यानंतर टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीचं, अंतर फिलर गेजनं लावायचं.

क्लच, लिफ्ट, ब्रेक

इंजिन चालतंय, पण क्लच दाबला तरी गिअर पडत नाही, हे हमखास होतं. उभ्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटते. त्यासाठी लगेच ट्रॅक्टर मधून फोडायला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायला, देऊ नका. पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या ठोकळ्यानं तसंच अडकवून ठेवा आणि तासभर इंजिन तापू द्या. नाही सुटली तर रिकाम्या रानात, समोर काही नसताना, इंजिन बंद करून मोठ्या गिअरला टाका, क्लच दाबून सेल्फ मारा आणि चालत्या गाडीत ब्रेक मारा. आमची तिसऱ्या खेपेला सुटली. तरीही फोडायचीच वेळ आली तर ते मेकॅनिककडूनच करून घ्या. पुढचा अॅक्सल मध्यावर झुलता असतो. दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी मारल्या नाहीत तर सुटा झालेला इंजिनाचा भाग कलंडतो. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्या.

लिफ्ट उचलत नाही म्हणून रडायच्या आधी पीटीओचा (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टचा) दांडा बघा. मॅसीत हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो, दांडा न्यूट्रलला असला तर लिफ्ट मेल्यासारखी पडून राहते. आम्ही अख्खी दुपार ऑइल तपासण्यात घालवली. आप्पांनी संध्याकाळी येऊन दांडा पुढं टाकला आणि चहा मागितला.

डावा-उजवा ब्रेक सारखाच लागला पाहिजे. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडलं कडीनं एकत्र जोडायची. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो. स्टीअरिंग हातभर फिरून चाक हलत नसेल तर किंग पिनचे बुश आणि टायरॉड एंड, म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे, बघा. सगळ्या निपलांना ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मागचे टायर, आमच्याकडं १२.४-२८, बाजूनं चिरले असतील तर ट्रॉलीला वापरू नका.

रंग

रंग सगळ्यात शेवटी. माझा भाऊ पहिल्याच आठवड्यात लाल डबा घेऊन आला होता, तो डबा पाच महिने वैनीनं कपाटात बंद करून ठेवला. आधी रंगवलेल्या बॉनेटवर डिझेलचे ओघळ आणि पान्याचे ओरखडे पडतात. गळती सगळी बंद झाली, दोन-तीन दिवस हलकं काम करून बघितलं, मगच सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, वायरब्रश, रेड ऑक्साइड, आणि दोन पातळ हात. पट्ट्यांवर नंबर कोरलाय तिथं रंग भरू देऊ नका, तपासणीला तोच वाचतात.

आमचा मॅसी सध्या हलकी ट्रॉली आणि कुळव एवढंच करतो. इंजिन खोलल्यामुळं सुरुवातीचे ५० तास नांगराला लावला नाही, आणि त्यानंतर ऑइल बदललं. सायलेन्सरवर डबा उपडा घालायचं काम पोरीकडं दिलंय. मे महिन्यात पहिला वळीव आला तेव्हा आम्ही सगळे वाळत घातलेले कपडे काढायला पळालो. ती डबा घेऊन ट्रॅक्टरकडं गेली.